वसंतरावांची मान

लोअर हट,
ऑगस्ट २०१४

आधी मला हे सांग दादा, की मी फोनवर रडत रडत तुला एकट्याला जे सांगितलं ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आत अख्ख्या इस्लामपुरात कसं गेलं? गिरणीवालीने माझ्या नणंदेला विचारलं, 'मंदाच्या पोरीनं तिकडं कुणी बिलंदर गाठलाय म्हणे?' अरे, बिलंदर नाही, बल्गेरियन! बल्गेरिया म्हणून देश आहे. तू फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवतोस आणि वर म्हणतोस, मी कुणाजवळ बोललो नाही. म्हणून हे पत्र. पत्राला स्पीकर नसतो. आमच्या शेजारची नीता गुरुवारी पुण्याला निघालीय, तिच्या हाती देतेय. एकट्याने वाच.

ती. दादास मंदाचा साष्टांग नमस्कार. (रागात राहून गेला होता, तो मधेच घालतेय, मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? श्यामलावहिनीची साखर? इकडे आम्ही सुखरूप आहोत, आणि बऱ्याच दिवसांनी हे खरं लिहितेय. घोर मिटला दादा. दीप्तीचं त्या माणसाशी लग्न नाही. नव्हतंच. आता नीट वाच, कारण हे मी एकदाच लिहिणार. चौथी शिकलेल्या बाईचा हात लवकर दुखतो.

आमच्या घरामागे परसात एक सुटी खोली आहे, तिला इथे स्लीपआउट म्हणतात. ती आम्ही एका माणसाला भाड्याने दिली. नाव वेंत्सिस्लाव. माझ्या जिभेला दोनदा गाठ बसली, मग मी वसंतराव ठेवलं. दीप्तीने सांगितलं, आई, तो डायरेक्टर आहे, प्रोड्यूसर आहे. मी म्हटलं, मग परसात का राहतो? ह्यांनी पेपरातून डोकं न काढता 'स्वीट अ‍ॅज' म्हटलं. (इतकी वर्षं डेअरी चालवून ह्यांनी एवढंच इंग्रजी उचललं. गोड, पण कशासारखं, ते पुढे सांगतच नाहीत. आणि डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, म्हशी नाहीत. पुन्हा विचारू नकोस.)

माझं इंग्रजी दुकानापुरतं, आणि त्याचं असं की त्याने बोलावं आणि दीप्तीनेच समजून घ्यावं. म्हणून आमचं सगळं हातवाऱ्यावर आणि मानेवर. आमचं जमलं ते दह्यावरून. माझ्या हातचं दही खाल्लं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणे दही मूळचं आमचं. मी म्हटलं, मग आमचं काय, चुना? पण जेवायला तऱ्हेवाईक. आणखी आमटी वाढू का विचारलं की मान खाली-वर. वाढली की तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, पण संपवायचा बिचारा. आणि कधी मान आडवी हलवली, म्हणून मी पातेलं उचललं, तर बाजाराला नेलेल्या गाईकडे वासराने बघावं तसा पातेल्याकडे बघायचा. मी म्हटलं, कलावंत माणसं, असतील अशीच.

पुढे काय झालं, दीप्ती औषधांच्या दुकानातून सुटली की याच्याबरोबर शूटिंगला जायला लागली. लांब काठीच्या टोकाला मेलेल्या मांजरासारखा केसाळ माइक, तो धरून उभी. (त्याला खरंच मेलेलं मांजर म्हणतात म्हणे. शिकलेली माणसं!) रात्री उशिरा घरी. काही विचारलं की 'आई, आय अ‍ॅम लर्निंग हीप्स.' (म्हणजे ढीगभर शिकतेय म्हणे.) आणि मग तिच्या टेबलावर नवा पासपोर्ट दिसला. पोरगी सव्वीस वर्षांची, तो सत्तेचाळीस. स्वयंपाकघरात पानं वाढून ठेवली होती, त्याला पानावर बसवला आणि मी उभ्याउभ्याच स्थळाची करतात तशी चौकशी केली.

'यू, टीव्ही, बिग मॅन?' मान आडवी. म्हणजे तिकडेही कुणी विचारत नाही. 'प्राइज?' आडवी. 'ड्रिंक?' खाली-वर. 'पोलीस?' (मी दोन्ही मनगटं जोडून दाखवली.) खाली-वर. 'वाइफ?' खाली-वर. दारुडा, पोलिसांनी नेलेला, बायको जिवंत, नाव नाही, बक्षीस नाही. शेवटी विचारलं, 'माय दीप्ती. मॅरेज?' दादा, त्याने मान अशी खाली-वर करायला घेतली की मला वाटलं आता मणका निसटणार. तेव्हाच मी तुला फोन केला, आणि तू इस्लामपूरला.

दीप्तीशी मी बोलणं टाकलं. त्याचं दही बंद केलं. पण जेवायला वाढलं, भाडेकरू असला तरी उपाशी कसा ठेवू? रविवारी तो पानावर बसला. मी रागातच आमटीचा डाव घेऊन विचारलं, मोअर? मान खाली-वर. ओतली. पुन्हा खाली-वर, आणखी जोरात. पुन्हा ओतली. तेव्हा त्याने दोन्ही हातांनी ताट झाकलं. ती आमटी पडली त्याच्या हातांवर, आणि तो ओरडला, 'नो! ऑलवेज आय से नो! ऑलवेज यू गिव्ह!'

दीप्ती धावत आली आणि बघून हसत हसत खालीच बसली. म्हणाली, आई, त्यांच्यात मान खाली-वर म्हणजे नाही, आणि आडवी म्हणजे हो. 'आय टोल्ड यू!' सांगितलं नव्हतं. (किंवा इंग्रजीत सांगितलं असेल.) बाहेर गोऱ्यांशी बोलताना म्हणे तो मान ताठ धरून नुसता तोंडाने येस-नो करतो. मी समजायचे मान आखडलीय, तिळाचं तेलसुद्धा चोळायला दिलं होतं. (ते त्याने भाकरीबरोबर खाल्लं.) आमच्याकडे घरच्यासारखं वाटतं म्हणून मान मोकळी सोडतो. हे ऐकून मला कसंसंच झालं. भूक लागली की मी पातेलं उचलायचे आणि पोट भरलं की वाढायचे, आणि हा माणूस एका शब्दाने बोलला नाही.

पण माझा जीव दुसरीकडे अडकला होता. डाव तसाच हातात. म्हटलं, दीप्ती, मॅरेज, आता तोंडाने बोल. तो लाल झाला. 'नो! शी इज माय साउंड!' म्हणजे ती त्याच्या सिनेमाचा आवाज धरते, एवढंच. आणि दीप्ती म्हणाली, 'ईऽऽ, आई!' दोघं इतकी दचकली की मला जरा रागच आला. काय वाईट आहे माझ्या पोरीत? पण तो राग दोन घास टिकला. नंतर मी खुर्चीवर बसून दह्याची वाटी आधी त्याला दिली आणि मग स्वतः खाल्ली.

मग मी बसून सगळी उत्तरं उलटी केली, अंगरखा उलटा करावा तशी. दारू पीत नाही. पोलीस नाही. बायको नाही, होती, ती हवामान सांगणाऱ्याबरोबर गेली. (त्याचा अंदाज तरी खरा ठरायचा का, विचारायचं राहिलं.) बाकीचं दीप्तीने सांगितलं. सोफियाच्या, म्हणजे त्यांच्या राजधानीच्या, टीव्हीवर वायरी उचलायला लागला, वर चढत चढत रविवारचा गाण्यांचा कार्यक्रम त्याच्या हाती आला, अख्खा देश तो बघत जेवायचा. ती नोकरी सोडून स्वतः सिनेमा काढला, धरणात गाव जाताना घर न सोडणाऱ्या म्हातारीचा. आपल्या कोयनेकडच्या आत्यासारखीच! परदेशात त्याला बक्षीस, त्याच्या मुलखात थिएटर रिकामं. मग इथे आला, एका मोठ्या सिनेमात घोड्यांमागे माणसं पळवायला. ते काम संपलं आणि उरल्या गालिच्याच्या दुकानाच्या जाहिराती. त्यात माणसं लोळतात ना, ती हाच लोळवतो. आता सोफियाच्या टीव्हीने परत बोलावलंय, नवा सिनेमा दिलाय. दसऱ्यानंतर जातोय, आणि आवाजाला दीप्तीला नेतोय. पासपोर्ट त्यासाठी. जाऊ दे पोरीला. मी हो म्हटलं, तोंडाने.

तेव्हा गिरणीवालीला जाऊन सांग, काही नाही म्हणून. मोठ्यांच्या पाया पडते, लहानांच्या पाठीत एकेक धपाटा.

तुझी मंदा

ता. क. उलटं करून बघितलं तर स्थळ फार चांगलं निघालं रे दादा. निर्व्यसनी, नावाजलेले, पानात पडेल ते खाणारे. आपल्या वहिनीची बहीण सुलेखा बेचाळीसची झाली ना? ड्रॉइंग शिकवते, वसंतरावही कलेतलेच. पत्रिका नको, एक बरा फोटो पाठव. तिकडे त्यांच्या घरात आपलं माणूस असलं की दीप्तीवरही नजर राहील.

ता. क. दुसरं. सुलेखा प्रत्येक स्थळाला मान आडवीच हलवते, हे तू सांगू नकोस, मला माहीत आहे. बल्गेरियात त्याला होकार म्हणतात.

ता. क. तिसरं. वसंतरावांना मी काल विचारून ठेवलं. त्यांनी मान ना खाली-वर केली, ना आडवी. या खांद्यावरून त्या खांद्यावर डोलवली, आपल्यासारखी. माझ्या हातचं फार दिवस खाल्लंय, दुसरं काय. म्हणून आता मानेवर माझा भरवसा नाही. फोन कर, स्पीकर लावलास तरी चालेल, वहिनीच्या माहेरी ऐकू गेलं पाहिजे. पण गौरी जेवायच्या दिवशी दिवे लागायच्या आत मला उत्तर हवं. हो तर हो, नाही तर नाही, आणि तोंडाने.