एकाच बोल्टला दोन्ही तारा

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, संध्याकाळ

"घरी विमान बांधणाऱ्या मित्रांनो, लोक आपल्याला वेडे म्हणतात, कारण आपल्या हातांवर कुणाचा विश्वास नाही." आज विमानाच्या शेडमधल्या, म्हणजे हँगरमधल्या, बैठकीत मी अशी सुरुवात केली आणि मग माझा भागीदार शिरीष याच्याच हातांचे वाभाडे काढले. आमचं रोटरी इंजिन वेग वाढवला की अडखळतं. इंधन पेटवणाऱ्या ठिणगीचं, म्हणजे इग्निशनचं, वायरिंग त्याचं, म्हणून दोषही त्याचा.

तो एवढंच म्हणाला, "अरे, ग्राउंडच्या तारा बघितल्यास का?"

"भाषण माझ्याकडे राहू दे, तू वायरिंग बघ," मी म्हटलं. सगळे हसले. शिरीष टूलबॉक्स उचलून घरी गेला.

सगळे पांगल्यावर त्या ग्राउंडच्या, म्हणजे वीज इंजिनाच्या धातूतून परत नेणाऱ्या, तारा बघितल्या. इंजिनाला दोन इग्निशन असतात; एक बंद पडली तर दुसरीने तारावं, म्हणून दोन्ही पूर्ण वेगळ्या ठेवा, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. इथे दोन्हींच्या तारा एकाच बोल्टला, तोही खालचा रंग न खरवडता बसवलेला, म्हणजे वीज नीट जाणारच नाही. शिरीष पुण्याला गेला होता तेव्हा तो बोल्ट मीच घाईत आवळला होता. बैठकीत हे आठवलं नाही, की आठवायचंच नव्हतं?

रंग खरवडला, तारा वेगळ्या केल्या. इंजिन सुरळीत चाललं. आनंद मात्र झाला नाही. गप्प राहिलो तर कुणाला कळणारही नाही. एकट्याला फोन करून सॉरी म्हणणं ही पळवाट झाली. अपमान चारचौघांत केला होता.

उद्या सकाळी सगळे कॉफीला जमतील. स्वतःलाच बजावतोय: शिरीषला घरून घेऊन जा, आणि सगळ्यांसमोर त्याची माफी माग.