सुनेत्राच्या गाडीचं इंजिन

७ फेब्रुवारी १९८८, रविवार
सकाळी दहाला टेम्पो आला. मागे दोर बांधून सुनेत्राची गाडी ओढत उल्हासनगरला महिपतीच्या गॅरेजात नेली. दुपारी परतलो. जेवलो नाही.
कॉलनीतले लोक गॅलरीत उभे होते. लाल एमजी, विलायती, सत्तावन्न सालची, दोन सीटची, कापडी छताची. सासऱ्यांनी लग्नात तिला दिलेली. अंबरनाथमध्ये एक बाई असली गाडी चालवते म्हणून वीस वर्षं लोक बघत आले. आज ओढून नेताना बघितली.

८ फेब्रुवारी
ऑफिसात कुंदाचा फोन. "भाऊजी, भंगारात घाला ती गाडी. ताई गेली तिच्यात." तिच्यात नाही गेली, दवाखान्यात गेली. पण मेव्हणीशी काय वाद घालायचा. गाडी चालू करायची, एवढंच ठरवलंय. कशाला, ते विचारलं तर सांगता येणार नाही.

१० फेब्रुवारी
लिहून टाकतो. १२ डिसेंबरला सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. "अहो, रिक्षा बोलवा," म्हणाली. मला वाटलं, माझ्या चालवण्यावर भरवसा नाही. रिक्षासाठी नाक्यापर्यंत जायचं – आणि गाडी दारात उभी. किल्ली घेतली. निघण्याआधी ती रोज बॉनेट उघडून पाणी, तेल बघायची. मी बघितलं नाही. विठ्ठलवाडीच्या अलीकडे इंजिन जाम झालं. रिक्षा मिळायला वीस मिनिटं गेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "जरा आधी आला असतात तर."
पाणी बघितलं नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार
महिपती म्हणतो, जुनं इंजिन संपलं. "साहेब, अँबेसडरचं बसवू."
या गाडीला अँबेसडरचं? मला बरं वाटेना.
"अहो, दोन्ही इंजिनं सख्खे भाऊ आहेत. हा विलायतेत राहिला, पँट घालतो. तो इकडे आला, धोतर नेसला."
शेजारचा सिंधी दुकानदार म्हणाला, "साई, धोतरवाला ज्यादा चलेगा."
मी हसलो असेन. मग वाईट वाटलं.

१९ फेब्रुवारी
आज एका कागदावर सही करताना खाली १२ डिसेंबर तारीख घातली. शिपायाने दाखवली तेव्हा कळलं.

२१ फेब्रुवारी, रविवार
जुनं इंजिन साखळीने वर काढलं. खाली नुसता खड्डा. नव्याला पकडायला पट्ट्या वेल्डिंग करून घ्याव्या लागल्या. इंजिनामागची प्लेट आणि दोन्ही कार्ब्युरेटर जुन्याचेच. गिअरबॉक्सही तिचाच. महिपतीने नव्या इंजिनाच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. हा छाप आर.टी.ओ.ला द्यायचा, म्हणजे गाडीच्या बुकात नवा नंबर चढतो. त्याला पाण्याबद्दल विचारायचं होतं. वेल्डिंगचे पैसे विचारून निघालो.

२८ फेब्रुवारी, रविवार
आज विचारलं. पाणी नव्हतं म्हणून जाम झालं ना?
"पाणी? रेडिएटर भरलेला होता की! मीच रिकामा केला." जुन्या इंजिनातलं एक बेअरिंग त्याने माझ्या हातावर ठेवलं. घासून ब्लेडसारखं झालेलं. "तेलाचा दाब गेला होता, साहेब. मॅडमना दिवाळीतच सांगितलं होतं, चालवू नका, कधीही जाम होईल. म्हणाल्या, साहेबांना बोलू नकोस महिपती, ते विकून टाकतील." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मला वाटलं, नंतर त्यांनीच तुम्हाला सांगितलं असेल."
मी विकली असती, हे खरं आहे.
रिक्षा बोलवा, म्हणाली. गाडी नको, असं नाही म्हणाली. तसं म्हणाली असती तर मी विचारलं असतं, का.

६ मार्च, रविवार
गाडी घरी आणली. पहिले पाचशे मैल तीसच्या वर न्यायची नाही, महिपतीने बजावलंय. वाटभर सुनेत्राशी भांडलो. मोठ्याने, नाव घेऊन. संसारात कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. घरी येऊन हात धुतले आणि एकट्यापुरता भात लावला.