आभाळातली होळी

५ फेब्रु.
बोटं सुजलीत, पेन नीट धरवत नाही. सकाळी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी वाजलं. आई : "कॉलेज सुटलं, मारामारी काही सुटली नाही तुझी." ज्याचं नाक फोडून सेकंड इयरला कॉलेज सोडलं, तो वर्गातल्या सेजलला छेडत होता. आभार राहिले बाजूला, तिने बोलणंच बंद केलं.
आज तिचाच फोन! "तुला ओरडता येतं ना? मग राई गावात आमच्या घरी ये."

७ फेब्रु.
गेलो. इस्त्रीचा शर्ट. तिचे आजोबा कोळी, तरुणपणी जहाजावर खलाशी. गोऱ्यांनी वाचून फेकलेली अंतराळवीरांची कॉमिक्स ट्रंकभर जपलीत. आता त्यांना दिसत नाही. सेजल वाचते, पण म्हातारा कुरकुरतो, "तुज्या तोंडून मारामारी गोड लागते गं." म्हणून मी.
हिरो कॅप्टन झॅन्टर. नेटवर शोधला, कुठेच नाही. आजोबांना इंग्रजी येत नाही. डोळे होते तेव्हा चित्रं बघून गोष्ट त्यांनीच रचली. हिरवी माणसं म्हणजे आभाळातले कोळी, कपतान त्यांचा जावई. जळत्या वस्तीचं पान आलं, आजोबांना पाठ. "ही होली. कपतान पेटवतंय."
फुग्यात लिहिलंय : जाळा, एकही उरता कामा नये.
सेजलने डोळे वटारले. मी होळी वाचली. बोंबही मारली. म्हातारा लहान पोरासारखा हसला. चहा तिने स्वतः आणला.

१३ फेब्रु.
आजही गेलो. कपतान पाण्यातल्या एका बाईला पाठीत गोळी घालतो. आम्ही म्हणायचं पिचकारी. प्रेतं तरंगतात. आम्ही म्हणायचं, ताडी पिऊन आडवे झालेत.
दहा वर्षांचा असतो तर हा हिरो जाम आवडला असता. आधी ठोसा, मग प्रश्न. माझ्यासारखाच.
उद्या चौदा. तिला काही द्यावं का? नको. भडकेल.

१६ फेब्रु.
संपलं सगळं.
तिचा भाऊ जितू दारात उभा. "ए सेकंड इयर! पोरगी पटवायला आमच्या म्हाताऱ्याला फसवतोस काय?"
डोकं सटकलं. होळीचं पान उघडलं आणि खरं वाचलं. एकेक फुगा, ओरडून, मराठीत. वस्ती जाळली. म्हातारे जाळले. पळणाऱ्यांना टिपलं. सेजल "बस, बस" करत होती. मी थांबलो नाही.
जितूचा ठोसा तोंडावर. मी स्टूल उचलून घातलं. खुंटीवरचं मासळीचं जाळं आमच्या अंगावर, त्यात अडकून दोघं एकमेकांना बडवतोय. पानावर रक्त, कोणाचं माहीत नाही. आजोबा हाताने पान चाचपत, "होली न्हाय? होली न्हाय ती?"
सेजलने कॉलर धरून बाहेर ढकललं. "तूच तो कपतान. जा."

१९ फेब्रु.
पुढचा दात गेला. भुवईला टाके. तिने ब्लॉक केलंय.
ट्रंकेतलं शेवटचं कॉमिक त्या दिवशी वाचायला शर्टात खोचलं होतं, तसंच राहिलं; आज वाचलं. शेवटच्या चौकटीत कपतान रॉकेटला टेकून झोपलाय. मागे खडकाआड एक हिरवा पोरगा. हातात कपतानचीच बंदूक. खाली : पुढील अंकात.
पुढचा अंक नाही. ट्रंकेत नव्हता, नेटवरही नाही.

२४ फेब्रु.
दारात जितू. माझी मूठ आपोआप वळली. त्याचा ओठ अजून सुजलेला.
"मारायला न्हाय आलो. आजोबा जेवत न्हाय. बोलतो, त्या भांडखोराला आना. हिरव्यांतला कोन वाचला काय, विचारतोय."
"सेजल?"
"बोलली, आला तर आला. मी तोंड न्हाय बघनार." मग जिना उतरता उतरता, "तुज्या दाताचं विचारत होती."
तो खाली हॉर्न मारतोय. कॉमिक शर्टात घेतलंय. एक वाचलाय, हे सांगायचंच. पण त्याच्या हातात काय आहे, तेही सांगितलं तर म्हातारा विचारणार, मग मारलं का त्याने? आणि सेजल दाराआड ऐकत असणार. मी म्हणेन, पुढचा अंक नाही आजोबा, तुम्हीच सांगा.