उतरणीवरची जीप

आलापल्ली
११ फेब्रुवारी १९८५

प्रिय लटारू,

पत्ता तुझ्या सीताबाईनं दिला, पण दारातच उभं ठेवून. पाणीसुद्धा विचारलं नाही. अकरा वर्षं ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तो गडचांदूरकडे खाणीत दगड भरतोय, एवढंच बोलली आणि आत गेली. तिचा राग मला समजतो, आणि पत्र संपेपर्यंत तुलाही समजेल.

बिरजूला तू ओळखत नाहीस. तुझ्या जागी आपल्या मालकांनी, गुणवंतरावांनी, ठेवलेला नवा ड्रायव्हर. मला तो पहिल्या दिवसापासून पटला नाही. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. गाडी बिघडली की मी आधी माणसाकडे बघतो, मग बॉनेट उघडतो. आठ-दहा दिवसांत जीपच्या ट्रान्सफर केसचं तेल कमी झालं. पुढच्या चाकांना जोर देणारी ती गिअरबॉक्समागची पेटी मी काठोकाठ भरून दिली होती. मी म्हटलं, बेटा तेल काढून विकतोय. तेल काढायच्या ड्रेन बोल्टवर खडूची रेघ ओढून ठेवली. गाडी परत आली, तेल पुन्हा उतरलेलं, आणि रेघ जशीच्या तशी. तरी माझा संशय जाईना. वाटलं, याला रेघ दिसली असेल, पुन्हा जुळवून ओढली असेल लेकाच्यानं.

खरं सांगतो, तुझ्या वेळीही तेल उतरायचं. तेव्हा मी तुझ्यावरच डोळा ठेवला होता. तू रविवारी राजुऱ्याला जायचास ते कशाला, असं मुन्शीला आडून विचारलंही होतं. सासऱ्याला दम्याची गोळी पोचवायला जायचास, हे मला नंतर कळलं. लाज वाटली नाही तेव्हा. आता वाटते.

मग एक दिवस बिरजूच म्हणाला की हँडब्रेक धरत नाही, म्हणून तो उतरणीवर चाकाखाली दगड लावतो. हे ऐकून मी थेट पेटीकडे वळलो. या जीपचा हँडब्रेक चाकाला नाही, ट्रान्सफर केसच्या पाठीमागच्या ड्रमला आहे, हे तुला सांगायला नको. मी पेटी डिझेलनं धुतली, वाळवली, वरून चुन्याची भुकटी मारली आणि अहेरीच्या रस्त्यानं वीस किलोमीटर फिरवून आणली. खाली पडून पाहिलं. तेल अडवणाऱ्या मागच्या रबरी सीलपासून ड्रमपर्यंत चुना ओला, काळा. सील मीच नवं टाकलेलं. नवं सील एवढ्यात कसं गेलं? तरी दुकानदारानं जुना माल माथी मारला, असं म्हणून मी दुसरं सील टाकलं. तेही चार दिवसांत गळलं.

तेव्हा कुठे वर हात घातला. पेटीच्या माथ्यावर हवा जायचं बारीक भोक असतं ना, ते मेणानं बंद होतं. आपल्याकडे पावसाळ्याआधी नाल्याचं पाणी आत शिरू नये म्हणून आम्ही मिस्त्री लोक त्यात मधाचं मेण दाबतो आणि पोळा झाला की टोकरून काढतो. यंदा काढलंच नाही. पेटी तापली की आतली हवा कोंडायची आणि तेल सीलमधून ढकलायची, थेट ड्रममधल्या ब्रेकच्या पट्ट्यांवर. ते मेण माझ्या हातचं होतं, अंगठ्याचा ठसासुद्धा तसाच. सुईनं मोकळं केलं तेव्हा फुस्स करून हवा निघाली. तिसरं सील टाकलं, पट्ट्या बदलल्या. आज महिना झाला, थेंब नाही.

दिवाळीनंतर त्या दिवशी लाकडाच्या डेपोच्या उतरणीवर जीप लावून तू पावती आणायला गेलास, ती आपोआप निघाली, चौकीदार सुकलूचा पाय तिच्याखाली आला आणि ती खालच्या नाल्यात गेली. सगळे म्हणाले, लटारू प्यायला होता, ब्रेक लावायचा विसरला. तू माझा हात धरून म्हणालास, "भाऊ, मी ब्रेक ओढलो होतो. तू तरी सांग मालकाले." मी तुझ्या तोंडाचा वास घेतला, लटारू. वास नव्हता. तरी मी गप्प राहिलो.

गप्प का राहिलो, ते सांगायलाच हे पत्र. जीप नाल्यातून काढली त्या संध्याकाळी ड्रम मी एकट्यानं उघडला होता. चिखलाखाली पट्ट्या तेलानं चिंब होत्या. मी पाहिल्या, पेट्रोलनं पुसल्या आणि गुणवंतरावांना सांगितलं, ब्रेक ठणठणीत आहे. तेल कुठून आलं ते ठाऊक नव्हतं, पण तू ब्रेक ओढला असणार, एवढं त्याच घडीला कळलं होतं. माझ्या कामाला बोल लागू नये म्हणून तुला जाऊ दिलं, आणि मग मनाला पटावं म्हणून तुला चोर ठरवत बसलो. काल डेपोत सगळ्यांसमोर हे बोललो. गुणवंतराव म्हणाले, लटारूला बोलवा, आणि मला म्हणाले, तू उद्यापासून येऊ नको. सुकलू कुबडीवर उभा होता. मला वाटलं, मारेल. त्यानं एवढंच विचारलं, "लटारूले सांगतलास का?" मी मान हलवली, नाही म्हणून. तर म्हणाला, "मंग मले काऊन सांगून राह्यला? आधी त्याले सांग."

तुझाच म्हणायचा हक्क गमावलेला,
श्रावण मिस्त्री