मिस बेलचं टोप्यांचं दुकान

प्रिय विनी,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. पोरं केवढी उंच झाली गं! धाकट्याने तर डेलियाचं नाक जसंच्या तसं उचललंय. तिला फोटो दाखवला, तर चष्मा वर करून बराच वेळ बघत बसली आणि "बिचारा!" एवढंच म्हणाली. माझे गुडघे सोडले तर इथे सगळं ठीक आहे. बर्बँकला यंदा थंडी म्हणून नाहीच. लिंबाच्या झाडाखाली आम्ही दोघी म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसतो आणि जेवणाची वेळ होईपर्यंत भांडतो. सध्या भांडायला विषयही चांगला मिळालाय.

पॅसाडेनात एक थिएटर आहे, तिथे फक्त जुने सिनेमे लावतात. त्याचा मालक प्रुइट एक दिवस फुलं घेऊन दारात उभा. म्हणाला, "मॅडम, तुमच्या सिनेमांतले तुमचे स्वतःचे आवडते चार सांगा. मार्चमध्ये दर शनिवारी एक लावतो. शेवटच्या शनिवारी तुम्ही स्टेजवर येऊन दोन शब्द बोला." बाईसाहेब हरखल्या. त्याला पाच मिनिटं बाहेर ताटकळत ठेवून लाली लावून आल्या.

आता कुणालाही वाटेल, पहिलं नाव त्या कोर्टातल्या विधवेच्या सिनेमाचं. बक्षीस मिळालं ते त्याला, अजून दुकानात बायका तिला अडवतात ते त्यातल्या रडण्यासाठी. पण डेलियाने नाक मुरडलं. "त्यात मी इतकी रडलेय की माझं मलाच बघवत नाही." तिने निवडला तो अगदी सुरुवातीचा, ज्यात ती फक्त कॉफी आणून ठेवते आणि जाते. का, तर तेव्हा कॅमेरा कुठे आहे हेच तिला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यात ती बरी दिसते. मग तो गुराख्यांचा. त्यात खेचराने तिचा लग्नाचा जाळीदार बुरखा चावून खाल्ला होता आणि हसून हसून सगळ्यांची वाट लागली होती. तिसरा दीपगृहवालीचा, पांढऱ्या केसांचा टोप घालून केलेला. "आता आरशात तीच बाई दिसते," म्हणाली, "मेकअपवाल्याला आधीच कळलं होतं मेल्याला." इथपर्यंत प्रुइट खूश होता. मग तिने चौथं नाव घेतलं, 'मिस बेलचं टोप्यांचं दुकान'. त्याचा चेहरा पडला आणि मी तर ओरडलेच, "डेलिया, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" अगं, तो सिनेमा साफ झोपला होता. एका पेपरवाल्याने लिहिलं होतं की नायिका सिनेमाभर फर्निचरमागे लपत फिरते. पण ही हटून बसली. "तोच. आणि शेवटच्या शनिवारी. नाहीतर मी येत नाही."

मी का ओरडले ते प्रुइटला काय कळणार? तूही तो सिनेमा बघितला नसशील, म्हणून सांगते. त्या वर्षी युद्धात तुझ्या बाबाचं विमान समुद्रात पडलं आणि तू डेलियाच्या पोटात होतीस. लग्न गुपचूप केलेलं. स्टुडिओला न विचारता लग्न करायचं नाही असा करार होता, आणि पोस्टरवर तर ती तमाम सैनिकांची मैत्रीण. कळलं असतं तर त्याच दिवशी बाहेर काढली असती. तेव्हा आम्ही तिघांनीच निस्तरलं: ती, कपडेपटातली मी आणि कॅमेऱ्यावरचा म्हातारा गस. मी दर आठवड्याला तिच्या झग्याची शिवण उसवून सैल करायची. गसने दुकानाचं टेबल सुताराकडून उंच करून घेतलं. दिग्दर्शकाच्या गळी आम्ही उतरवलं की टोप्या विकणारीच्या हातात टोपीचा डबा हवाच हवा. तू वाढत गेलीस तसे डबेही वाढत गेले. शेवटी शेवटी तर त्या डब्यात अख्खं कलिंगड मावलं असतं, आणि हा शहाणा दिग्दर्शक म्हणतो कसा, "वा, काय ऐट आहे!"

मग ती तुझ्या एडना मावशीकडे नेब्रास्काला गेली. पेपरात छापून आलं, अति श्रमाने थकवा. तुला एडनाच्या हवाली करून एकटीच परतली. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकदा मी तिच्याबरोबर आले होते, तेव्हा तू सातेक वर्षांची असशील. इस्त्रीचा फ्रॉक घालून दारात उभी होतीस, आणि हाक मारायच्या आधी तू एडनाच्या तोंडाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "डेलिया मावशी." तुझी आई विमानतळापर्यंत गाडीच्या मागच्या काचेतून बघत राहिली. तिला माफ कर असं मी म्हणत नाहीये. तो तुझा प्रश्न आहे, मी आपली शिंपीण.

गेल्या मंगळवारी प्रुइटने कुठूनशी रिळं मिळवली आणि रिकाम्या थिएटरात आम्हा दोघींना सिनेमा दाखवला. रटाळच आहे गं, खोटं कशाला बोलू. पण शेवटचा प्रसंग! डबा छातीशी धरून दारात उभं राहायचं, असं ठरलेलं होतं. हिने डबा टेबलावर ठेवला, कॅमेऱ्यापुढे सरळ एका बाजूला वळली, पोटावर हात ठेवला आणि हसली. त्या दिवशी मी बाजूला उभी होते, माझा जीव टांगणीला लागला होता. गसने कॅमेरा थांबवला नाही. दिग्दर्शक फक्त तिचा चेहरा बघत होता, म्हणाला, "झकास!" तो प्रसंग तसाच गावोगाव गेला. लोकांनी तुला बघितलं विनी, आणि कुणाला पत्ता लागला नाही. मंगळवारी डेलियाने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "माझ्या सगळ्या सिनेमांत हा एकच, ज्यात विनी आणि मी, दोघी आहोत." मग रडली. कोर्टातल्यासारखी नाही, नाक गळत, अगदी कुरूप.

तर आता मुद्द्याचं. शेवटच्या शनिवारी तिला स्टेजवरून हे सांगायचंय. तुझं नाव घेऊन, माझी मुलगी म्हणून. पेपरवाले असतील, फोटो निघतील, तुमच्या गावापर्यंत, लिंकनपर्यंत बातमी येईल. नवऱ्याला, हॉवर्डला तू सांगितलंयस, पण त्याच्या आईला नाही आणि मुलांनाही नाही, हे तिला ठाऊक आहे. आठवडाभर ती तुला लिहायला बसते आणि कागद चुरगाळते. काल मला म्हणाली, "तिला न विचारता लपवलं. आता तिला न विचारता सांगणार नाही. तू विचार." म्हणून विचारतेय. यायलाच हवं असं नाही, नुसतं हो कळवलंस तरी चालेल. नाही म्हणालीस तर ती टोप्यांबद्दल बोलेल, लोकांना पोट धरधरून हसवेल, आणि घरी आल्यावर तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढणार नाही. मीही नाही.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
ओपल मावशी