शाळेपुढच्या दगडावरची ओळ

॥ श्री ॥

कळंब, ता. २ जानेवारी २०२६

ती. छायाताईस,
योगेंद्रचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नकोस, आई बरी आहे. फोनवर आपलं बोलणं भांडणाशिवाय संपत नाही, आणि महत्त्वाचं काही असलं की कागदावर बोलायचं ही बाबांचीच शिस्त. लिहिताना माणसाचा राग निम्मा होतो म्हणायचे. तुझा किती होतो ते बघू!

बातमी मोठी आहे. बाबांना जाऊन या महिन्यात वर्ष होईल. पंचायतीने शाळेच्या फाटकाशी त्यांच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलंय, सव्वीस जानेवारीला. मजकूर मी दिला: ‘हवालदार भिवाजी कराळे, कारगिलच्या लढाईतील शूर सैनिक’. पेन्शनच्या कागदात एक पायरी खालचं, नाईक पडलंय, पण ती कुणा कारकुनाची चूक असणार. गाव त्यांना हवालदारच म्हणायचं, आणि हवालदाराला एकदम नाईक कोण करतं? खोपोलीचा पाथरवट पंधरा तारखेला कोरायला घेणार आहे.

बाबांनी पहाटे माळावर पळवून भरतीत घातलेले चौदाही जण रजा काढून येताहेत. दगडावरचा पडदा जैतूकाकांनी बाजूला करावा असं मनात आहे. ते बाबांच्याच तुकडीतले, कोंडाण्याच्या वरच्या ठाकूरवाडीत असतात. पुढच्या रविवारी जाऊन विचारतो. तुझ्याकडचा बाबांचा वर्दीतला फोटो धाड, आणि भावजींची पाळी बदलून घ्यायला आत्ताच सांग. नाहीतर आयत्या वेळी कारखान्याचं निमित्त येतं.

आईला दगडाचं सांगितलं तर उठून आत गेली. भरून आलं असेल.

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
योगेंद्र

॥ श्री ॥

मोहोपाडा, ता. ६ जानेवारी २०२६

चि. योगेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी धडपड पाहून बरं वाटलं. मजकूर मात्र पुन्हा पुन्हा वाचला. दोन दिवस लिहायला बसते आणि उठते. तो मजकूर कोरू देऊ नकोस. बाबा कारगिलला नव्हते.

मला घोणस चावली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तुला खालापूरला मामाकडे पाठवलं होतं, म्हणून तुला त्यातलं फारसं ठाऊक नाही. माझी मूत्रपिंडं बंद पडली होती. मुंबईच्या दवाखान्यात बाबाच रात्रंदिवस माझ्यापाशी होते. ते दोन महिन्यांच्या रजेवर आलेले. तेवढ्यात लढाई लागली, रजा रद्द झाली, हजर व्हा म्हणून तार आली. बाबा गेले नाहीत. रजा पुरी करून गेले, तोवर त्यांची तुकडी वर चढली होती. तिच्यातले दोघं परत आले नाहीत. बाबांना शिक्षा झाली, हवालदाराचा नाईक झाला. पेन्शनचा कागद बरोबर आहे रे.

हे मला त्यांनीच सांगितलं, जाण्याआधी पंधरा दिवस. तार मिळाली होती, पण माझ्याजवळून उठवेना, म्हणाले. शाळेत असताना माझ्या वेण्या ओढून ओढून घालणारे बाबा, तुझे बूट आरशासारखे लख्ख करणारे बाबा. ते मला हे सांगताना भिंतीकडे बघत होते. तुला सांगू नको म्हणाले. वर्षभर मी ते ओझं एकटीने वागवलं. दोन माणसं गेली, बाबांच्या बाहीवरची फीत गेली, आणि कारण मी. आता त्यांच्या नावाखाली खोटं कोरलं तर मला त्या फाटकातून आत येता येणार नाही.

फोटो पाठवत नाही. आधी पाथरवटाला थांबव. आईला यातलं विचारू नकोस, तिचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे.

भावाबहिणीचं नातं या कागदाहून मोठं आहे, एवढं धरून ठेव.

तुझी ताई,
छाया

कळंब, ता. ११ जानेवारी २०२६

ताई,

‘श्री’ घालायचं राहिलं, राहू दे. राग निम्मा झालेला नाही.

वर्षभर गप्प बसलीस आणि पत्रिका छापून वाटल्यावर तोंड उघडलंस. त्या चौदाजणांना मी काय सांगू? ज्यांच्याकडे बघून तुम्ही वर्दी घातलीत ते लढाईच्या वेळी घरी बसले होते, असं सांगू? मला मामाकडे टाकलं त्या दिवसापासून बाबा तुझेच झाले, हे मी कधी बोललो नाही. आज बोलतो. निदान दगडावरचे तरी ते माझे असू देत.

बाबा तापात काहीतरी बरळले असतील म्हणावं, म्हणून आज जैतूकाकांकडे गेलो. चहा दिला, चौकशी केली. पत्रिका वाचली आणि घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली. म्हणाले, भिवाजीच्या कामाला अर्ध्या रात्री येईन, पण या ओळीपुढं उभा राहणार नाय रं. आधी तुझ्या आईला विचार आणि मग ये. डोंगर उतरताना दोनदा बसलो.

आईला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तुझं पत्र तिच्या नजरेला पडू नये म्हणून गादीखाली घातलंय. पंधराला दगड कोरला जाईल. यायचं तर ये.

लोभाचं आत्ता विचारू नकोस.

योगेंद्र

॥ श्री ॥

कळंब, १३ जानेवारी

चि. छाया हिला आईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली, अक्षर वाकडं हाय, पन वाच. तुजं पत्र योगेंद्रनं गादीखाली दडवलं व्हतं. तो धड जेवत नाय मनून मी गादी उचलली. दडवलेलं मला लगीच सापडतं गं, मी सोता त्यातली हाय.

त्यांना तार मिळालीच नाय. तवा मी कपडे न्यायला एक दिस घरी आलेली. पोस्टमननं ती माज्या हातात दिली, सही घेतली आनि वाचून सांगितली. मी ती तांदळाच्या कनगीत पार खाली घातली आनि दवाखान्यात परत गेले.

लढाई लागल्याचं त्यांना ठाव व्हतं. पिशवी भरून तुज्या खाटंखाली ठेवलेली. घरून कुनीबी आलं की आधी इचारायचे, तार आली का. मी मनायची नाय. सोळा दिस रोज नाय मनले. तू डोळं उगडत नव्हतीस, आनि तुला उचलून डायलिसिसला न्यायला त्यांच्याबिगर कोन व्हतं?

रजा संपली तवा ते गेले. सायबानं तार पोचल्याचा कागुद पुढं केला. मिळाली नाय मनाले असते तर पोस्टात चौकशी, मग घरात चौकशी, मग माजं नाव. ते मनाले मिळाली, मीच थांबलो. फीत काढली, कोठडीत घातलं. हे मला जैतूभावजींनी सांगितलं, त्यांनी नाय. आनि तुला तेच खोटं सांगून गेले, तुला काय वाटंल ते त्यांच्या ध्यानात आलं नाय. तू अकरा वर्सांची, बेसुद पोर. तुज्यामुळं काय झालं नाय. केलं ते मी केलं.

कालच्याला हे सगळं योगेंद्रला सांगितलं. तो अंगनात जाऊन बसला, मग मोटरसायकल काढून पाथरवटाकडं गेला. आता नुस्तं ‘नाईक भिवाजी कराळे’ येनार. जैतूभावजी येतो मनालेत. त्या चौदाजनांना काय सांगायचं ते योगेंद्र सांगनार नाय, मी सांगनार. वरून परत आले नाय त्या दोगांची नावं घेऊन सांगनार.

पंचवीस वर्सं आमी शेजारी बसून जेवलो, त्यांनी एकदा पन मला बोल लावला नाय. शिवी दिली असती तर माजं हलकं झालं असतं. शेवटच्या दिसांत ताप डोक्यात गेला तवा परत इचारायला लागले, तार आली का. तू औषद आनायला खाली गेलेलीस. मी त्यांच्या कानाशी गेले आनि सांगितलं, आली हो. तशी सलाईन लावलेली असून ते उठायला लागले, पाय खाली सोडून चपला शोधायला लागले. मी दोनी हातांनी धरून त्यांना परत निजवलं.

माज्यावर माया ठेवायची का नाय, ते सव्वीस तारखेला येऊन माज्या तोंडावर सांग.

तुजी आई,
अंबाबाई