एकाच नावाची दोन कार्डं

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेला फोटो मिळाला. नवीन ऑफिस, मागे काचेची भिंत आणि तू हाताची घडी घालून उभा. छान दिसतोस, फक्त दाढी ठेवू नकोस, गालफडं बसल्यासारखी वाटतात. बाबांना फोटो दाखवला. चांगल्या हाताने मोबाइल धरायचा प्रयत्न केला त्यांनी, जमेना, मग मीच धरला. बराच वेळ बघत होते. तेवढा वेळ लाळही पुसू दिली नाही.

फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून लिहायला बसले. इमारतींची चित्रं बनवायच्या माझ्या कामासाठी ग्राफिक्स कार्ड घेतलं तेव्हाचं तुझं भाषण अजून डोळ्यांसमोर आहे. जेवता जेवता तू बोटाने ताटात रेघ ओढलीस. एका बाजूला आठ जीबी मेमरीचं कार्ड, दुसऱ्या बाजूला बाराचं. आठवालं खेळाला सरस, पडद्यावर चित्रं जास्त वेगाने हलवतं. पण ताईच्या एका सीनमध्ये अख्खी इमारत असते, झाडं, काचा, पडदे. ते सगळं कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर बाकीची ताकद हात बांधून बसते, म्हणून ताईला बाराचंच. घरात माझ्या कामाबद्दल इतकं कोणी कधी बोललंच नव्हतं. बाबा म्हणाले, एवढं कळतं तर स्वतः का नाही कुठे चिकटत? तुझा चेहरा उतरला. मला तुझी इतकी दया आली की उरलेली भाजी सगळी तुझ्याच ताटात वाढली.

आई गेली त्याच सुमारास तू माझा कॉम्प्युटर उचलून तुझ्या खोलीत नेलास. पंखा धुळीने भरलाय, साफ करतो म्हणालास. संध्याकाळी परत आणून दिलास आणि बजावलंस, कार्डाचं सॉफ्टवेअर, ते ड्रायव्हर, अपडेट करू नकोस ताई, सगळं बिघडेल. मी मान डोलावली. त्यानंतर एखाद्या खोलीचं चित्र नीट व्हायचं, पण पूर्ण इमारत लावली की पडदा काळा. मी तुला हाक मारायचे. तू मागे उभा राहून म्हणायचास, सीन जड करतेस तू, नको तिथे बारकावे, आटोपशीर करायला शीक. मग मी झाडं काढली. पडदे काढले. रस्त्यावरची माणसं काढली. माझ्या इमारती बोडक्या दिसायला लागल्या आणि मला वाटायला लागलं की आईबरोबर माझ्या हातातलंही काही गेलं.

मी ज्यांच्याकडे काम करायचे त्या आर्किटेक्टसाहेबांनी मला ओरडून कामावरून काढलं असतं तर बरं झालं असतं. ते फार प्रेमाने बोलले. घरात दुःख झालंय, मन लागत नसणार, थोडा आराम करा म्हणाले. तू तोच सीन, सगळ्या झाडांसकट, तुझ्या कॉम्प्युटरवर निम्म्या वेळात करून त्यांना दाखवलास आणि माझ्या खुर्चीत बसलास. त्या दिवशी तुझ्या शर्टाला इस्त्री मी केली होती. कॉलर दोनदा.

पुढचं तुला माहीतच आहे. लकव्याने बाबांचा डावा भाग गेला, तू फ्लॅट घेतलास, आणि मी रिकामीच होते, तेव्हा त्यांच्याजवळ कोणी थांबायचं हे विचारायचीही गरज कोणाला पडली नाही.

गेल्या महिन्यात कार्डाचा पंखा खरखरायला लागला. तुला फोन केला तर तू कामात होतास, म्हणून कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेले. दुरुस्तीवाल्या बाईने स्क्रू काढले, आतला वाळलेला लेप पुसला, चिपवरचा नंबर वाचला आणि मला जवळ बोलावलं. कार्डाचं नाव त्याच्या आत लिहिलेलं असतं, म्हणाली, आणि या कार्डात कोणीतरी दुसऱ्याच कार्डाचं नाव भरलंय. म्हणून कॉम्प्युटर बारा जीबी सांगतो. आहे ते चारचं, जुनं. तुम्हाला हे कोणी विकलं? मी म्हटलं, घरचंच आहे. मग तिने दुकानातलं खरं बाराचं कार्ड बसवून माझी जुनी इमारत लावली. झाडं, पडदे, माणसं, सगळं. तिने मागवलेला चहा संपायच्या आत चित्र तयार झालं. मी रडले नाही. काउंटरवर सांडलेले स्क्रू गोळा करून तिच्या डबीत टाकले.

तरी मी तुला सूट देत होते. बाबा आपल्या दोघांची तुलना करायचे, त्यात तू कायम खाली पडायचास. जळून माझं कार्ड बदललं असशील, मला वाटलं. जळणाऱ्याला माफ करता येतं. त्याच दिवशी बाबांना भरवताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचं चावणं थांबलं नाही. घास गिळून, वाकड्या जिभेने, पण मला नीट कळेल असं म्हणाले, त्याला मीच सांगितलं होतं. तुझी आई गेल्यावर दोघांपैकी एकाला घरी बसायलाच हवं होतं. तुझ्या हाताला चव आहे. मग त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. मी तो दिला. पाणीही पाजलं.

त्या दुकानात बनवलेलं चित्र मी एका दूरच्या कंपनीला पाठवलं होतं. त्यांनी बोलावलंय. आज निघाले. घर सोडलं, किल्ली मालकांना दिली, तेव्हा तिकडे कोणी सापडणार नाही. हे पत्र तुझ्या हातात देणारा माणूस गाडीवाला आहे, आणि बाबा खाली त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेत. त्यांना सांगितलंय, धाकट्याकडे कायमचं राहायला जायचंय. फार खूश झाले. दाढी करून दिली आहे. औषधं लाल पिशवीत, चादरी काळ्या पिशवीत. कूस न बदलल्यास पाठीला जखमा होतात आणि त्या जखमांना वास येतो, हे मी पहिल्यांदा चुकून शिकले, तूही शिकशील. डाव्या हाताला धरून ओढू नकोस, काखेत हात घालून उचल. दोघांपैकी एकाला घरी बसायलाच हवं, हे त्यांचं म्हणणं मला पटलंय. गाडीवाल्याला पुढचं भाडं आहे, फार वेळ थांबणार नाही तो. खाली जा.

तुझीच,
ताई